शनिवारचा चढ, रविवारचा उतार

सह्याद्रीतल्या भटकंतीची माहिती देणारे कोणतेही पुस्तक उघडावे. पायथ्याचे गाव, तिथून निघणारी पाऊलवाट, पठार, खिंड, कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, माथ्यावरून दिसणारे किल्ले, सारे तपशीलवार असते. उतरण्याला मात्र बहुधा एकच वाक्य मिळते: आल्या वाटेने परतावे. दिवसाचा अर्धा प्रवास आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक धोका त्या एका वाक्यात उरकलेला असतो. पुढची पाने मी लिहायला घेतली ती त्या वाक्यावर समाधान होईना म्हणून.

चढाई आपल्या मनात फार खोल रुजली आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्याचा कडा चढून गेलेले तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतात. सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले आणि मावळ्यांना माघारीची वाट उरली नाही, हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, आणि तो तसा सांगावा असाच आहे. पण ती लढाई होती. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असलेल्या माणसाचा दोर शाबूत राहायला हवा. अशा माणसासाठी मला रायगडची हिरकणी अधिक जवळची वाटते. दूध घेऊन गडावर आलेली गवळण, तिन्हीसांजेला दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे मूल. तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली, अशी कथा आहे. तिच्या नावाचा बुरूज आजही गडावर उभा आहे. कडा उतरून घरी पोहोचलेल्या बाईच्या नावाने बुरूज ओळखला जावा, याचे मला फार मोल वाटते.

हे पुस्तक शनिवार-रविवारच्या माणसांसाठी आहे. आठवडाभर बँकेत, शाळेत, कारखान्यात किंवा संगणकासमोर काम करणारी, शुक्रवारी रात्री सॅक भरणारी आणि रविवारी रात्री चिखलाचे बूट गॅलरीत वाळत घालणारी माणसे. त्यांच्यापैकी कुणी गड चढते, कुणी सुळक्यावर दोर लावते, कुणी मोटरसायकल घेऊन घाटांमागून घाट पालथे घालते, कुणी राफ्टमध्ये बसते, कुणी कामशेतच्या टेकडीवरून पंख उघडून हवेत उतरते. हिमालयातल्या मोहिमांची पुस्तके मराठीत आहेत आणि ती असायलाच हवीत. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ मध्ये पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेच्या आठ जणांनी ते शिखर गाठले. ही माणसेही घडली ती इथल्याच डोंगरांत, सुट्टीच्या दिवशी. तरीही शनिवार-रविवारच्या छंदाकडे मोठ्या मोहिमेची रंगीत तालीम म्हणून पाहणे मला मान्य नाही. ज्याला आयुष्यात कधीही बर्फावर पाऊल ठेवायचे नाही, त्याचाही हा छंद पूर्ण असतो.

हा छंद गेल्या काही दशकांत एका बाबतीत पार बदलला आहे, आणि त्या बदलाची चर्चा पुरेशी झालेली नाही. आधीच्या पिढीची भटकंती एसटीवर चाले. मुक्कामाची गाडी शनिवारी रात्री आडगावी जाऊन थांबे. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपत, आणि ट्रेकर मंडळी गावातल्या देवळात पथाऱ्या टाकत. मुंबईकर रात्रीची कसारा किंवा कर्जत लोकल धरत आणि पहाटेच्या अंधारात स्टेशनाबाहेर चहा शोधत. वेळ फार जाई, हाल होत, गाडी चुकली तर सगळे गणित कोसळे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट आपोआप साधत असे. परतीच्या प्रवासात गाडी चालवणारा माणूस वेगळा असे. दिवसभर डोंगर तुडवलेला गडी खिडकीला डोके टेकून झोपला तरी घरी पोहोचे.

आज आपणच चढतो, आपणच उतरतो आणि आपणच घाटातून गाडी चालवत घरी येतो. बाइकने आणि कारने आपल्याला जे दिले ते मी कमी लेखणार नाही. शनिवारी पहाटे पुण्यातून किंवा ठाण्यातून निघालेला माणूस सकाळी सांधण दरीशेजारच्या साम्रदला किंवा अलंग-मदन-कुलंगच्या पायथ्याला उभा असतो. एसटीच्या काळात ज्या वाटांना तीन दिवस लागत, त्या दोन दिवसांत बसतात. शिवाय रस्त्याचा आनंद वेगळाच. तो पायी चालण्याला जोडलेला दुय्यम भाग नाही. ताम्हिणीत पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उन्हात ओला रस्ता चमकत असतो, वरंध्यातून उतरताना एका वळणानंतर हवा जड आणि उबदार होते आणि कोकण लागल्याचे अंगाला आधी कळते. माळशेजच्या कड्याखालून जाताना हेल्मेटच्या आतही पाण्याचा आवाज येतो. मोटरसायकलवर हे सगळे कातडीवर येते. चढावर खालचा गिअर टाकल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, गाडी वळणात झुकते, आणि आठवडाभर शंभर ठिकाणी विखुरलेले मन एका जागी येते. ज्याने हे अनुभवले आहे त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. ज्याने नाही अनुभवले, त्याला शब्दांत सांगण्याचा प्रयत्न पुढच्या प्रकरणांत केला आहे.

पण त्याच माणसाचे पाय संध्याकाळी पाच वाजता थरथरत असतात. याला शरीराचे साधे कारण आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत शरीराचा भार अडवतो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना जास्त इजा होते. म्हणूनच चढावर धाप लागते ती माथ्यावर बसले की जाते, आणि उताराने आलेले दुखणे मंगळवारपर्यंत जिना उतरू देत नाही. त्यात दिवसभराचे ऊन, कमी पडलेले पाणी आणि आदल्या रात्रीची अर्धवट झोप. मग तो माणूस ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायला लागतो. रविवारची संध्याकाळ या छंदातला सर्वांत कठीण टप्पा आहे असे मी म्हणतो ते यामुळे. सुळक्याच्या अवघड टप्प्यावर निदान दोर लावलेला असतो.

डोंगर चढायला आणि उतरायला वेगळे का, हे समजण्यासाठी दगडाकडे पाहावे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थर सगळीकडे सारखा कठीण नाही. कुठे तो घट्ट आहे, कुठे बुडबुड्यांनी पोकळ, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीसारखा मऊ पट्टा आहे. घट्ट भाग कडा होऊन उभा राहतो, मऊ भाग झिजून पदर होतो. कडा, मग झाडीचा पदर, मग पुन्हा कडा, अशी आपल्या डोंगराची चढण. कड्यातून जिथे फट पडते तिथे नाळ, आणि नाळेत वरून सुटून आलेला दगडगोटा. चढताना सुटा दगड हाताला आणि डोळ्याला आधी सापडतो. उतरताना तो आधी पायाखाली येतो. मुरमाच्या घसाऱ्यावर अनुभवी माणूस पाय आडवे टाकतो, गुडघे सैल ठेवतो, वजन टाचेवर देतो आणि खालच्यावर दगड जाऊ नये म्हणून एकाखाली एक न चालता अंतर राखतो. नवखा माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललेल्या माणसाचा पाय हमखास सुटतो. हे शिकवता येते. तासाभरात एखाद्या साध्या टेकडीवर शिकवता येते. तरी आपण ते शिकवत नाही, कारण ‘उतरायचे काय त्यात’ असे सगळ्यांना वाटते.

दोरावरून उतरण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. रॅपलिंग हा आज सुट्टीतल्या सहलींचा लाडका कार्यक्रम झाला आहे. हार्नेस चढवला, फोटो काढला, धबधब्याशेजारून खाली. प्रत्यक्षात दोरावरून उतरताना माणसाचा सगळा भार एका दोरावर, एका खिळ्यावर किंवा झाडावर आणि एका गाठीवर असतो. चढताना बिले देणारा, म्हणजे दोर धरून आधार देणारा, साथीदार चूक सावरू शकतो. उतरताना चूक सावरायला बहुधा दुसरे काहीच नसते. म्हणून दोराच्या टोकाला गाठ मारायची, घसरले तर दोराला आवळून धरणारा प्रुसिकचा जादा फास घ्यायचा, दोर अडकवलेली जागा दोघांनी तपासायची. हे नियम कंटाळवाणे वाटतात, आणि ते दर वेळी पाळायचे असतात. २०२० च्या जानेवारीत ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या रॅपलिंग मोहिमेत गेले. सह्याद्रीचे कडे त्यांच्याइतके जाणणारी माणसे थोडी. त्यांचे नाव मी इथे आदराने घेतो, आणि कोकणकड्याकडे निघालेल्या प्रत्येकाने ते मनात ठेवावे म्हणूनही घेतो. अनुभव कड्याला मवाळ करत नाही.

आता रस्ता. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा माल नाणेघाटातून उतरे. तिथल्या लेण्यातला शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही पाहता येतो. ती वाट पायी माणसाची आणि ओझ्याच्या जनावराची. चाकाला अशी उभी वाट चालत नाही. चाकाला डोंगराच्या अंगाने वळसे घेत जाणारा, बेताच्या उताराचा रस्ता लागतो, आणि असा रस्ता बांधणे हे मोठे काम होते. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तिथूनच आगगाडी वर चढली ती १८६३ मध्ये, आणि द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ मध्ये. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे बाइकवाला आजही जुन्या रस्त्यानेच खंडाळ्याहून उतरतो. मला वाटते यात त्याने काही गमावलेले नाही. घाट वाचायला शिकावा तो जुन्याच रस्त्यावर.

घाट उतरण्याचे शास्त्र फार थोडे आहे आणि त्यातले बहुतेक लोक विसरतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनालाच गाडी अडवू द्या, ब्रेक थोडा वेळ आणि ठाम दाबून सोडा. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने ओलावा धरलेला असतो, ते लवकर उकळते, आणि पेडल एकाएकी मऊ लागते. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा असा आधार फारसा मिळत नाही, त्यामुळे स्कूटरवर दोघे बसून मोठा घाट उतरणाऱ्यांनी मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणे हा जुना आणि घातक रिवाज अजून गेलेला नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम कायद्यात आहे आणि त्यामागे अक्कल आहे: चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणे उतारावर थांबण्यापेक्षा कठीण असते. मोटरसायकलच्या बाबतीत आणखी एक. वळणात नजर जिकडे, गाडी तिकडे जाते. दरीच्या कठड्याकडे पाहणारा कठड्याकडेच जातो. नजर वळणाच्या पलीकडे, जिथे निघायचे आहे तिथे ठेवायची. कातळावर मात्र उतरताना नजर पायाशी हवी. एकाच दिवसात दोन्ही करणाऱ्याला संध्याकाळी नजर बदलावी लागते, आणि त्यासाठी डोंगर उतरल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. गावात बसावे, बूट काढावेत, खावे, अर्धा तास डोळे मिटावेत. हा अर्धा तास आराखड्यात आधीच लिहून ठेवावा लागतो, नाहीतर तोच पहिल्यांदा कापला जातो.

वेगाची हौस असलेल्यांसाठी एक स्पष्ट सांगणे. वेग वाईट नाही. त्याची जागा वेगळी आहे. रॅलीचे टप्पे बंद केलेल्या रस्त्यावर होतात, समोरून एसटी येत नाही, शेजारी बसलेला नॅव्हिगेटर पुढच्या प्रत्येक वळणाची नोंद वाचून दाखवत असतो, आणि चालकाच्या अंगावर आगीपासून वाचवणारे कपडे असतात. पुण्याच्या संजय टकले यांच्यासारखे चालक त्या वाटेने देशाबाहेरच्या स्पर्धांपर्यंत पोहोचले. नाशिक परिसरात रॅलीची चांगली परंपरा आहे. ज्याला खरोखर वेगात चालवायचे आहे त्याने तिथे जावे, शिकावे, हरावे. रविवारच्या घाटात, मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या गाडीशेजारून, ती हौस भागवू नये.

तसेच फोर बाय फोरचे. चिखलातून, ओढ्यातून गाडी काढण्यात कौशल्य आहे आणि ते शिकण्यासारखे आहे: टायरमधली हवा किती कमी करायची, लो रेशो कधी लावायचा, आधी उतरून पायाने पाण्याची खोली का पाहायची. पण सड्यावर गाडी घालू नये, या बाबतीत मी तडजोड करणार नाही. कासच्या पठारासारख्या सड्यांवर कातळावर मातीचा थर बोटा-दोन बोटांचा असतो. त्यातच ती फुले, ते कंद, पावसाळ्यात साचणारे उथळ पाणी आणि त्यातले सगळे जीवन. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास २०१२ मध्ये आले. एका टायरची चाकोरी तिथे कित्येक पावसाळे राहते, पाणी त्या चाकोरीने वाहू लागते, आणि आजूबाजूचा सडा कोरडा पडतो.

पाण्यावरच्या खेळांबद्दल पुढे सविस्तर प्रकरण आहे, पण कुंडलिकेबद्दल इथेच बोलायला हवे. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळ ही नदी भर उन्हाळ्यातही सकाळी खळाळते. कोकणातल्या बाकीच्या नद्या मे महिन्यात दगडगोट्यांचे पात्र होऊन पडलेल्या असतात, मग हीच का? कारण हे पाणी तिचे नाही. घाटमाथ्यावर मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. ते पाणी पुण्याकडे जाऊन भीमेला, कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचे. धरणाने ते अडवले, डोंगरातून पश्चिमेकडे वळवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथल्या वीज केंद्रात सोडले. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. वीज तयार झाली की ते पाणी कुंडलिकेत येते, आणि त्या पाण्यावर सकाळच्या राफ्ट निघतात. पाणी किती आणि कधी सुटेल हे विजेच्या गरजेवर ठरते. म्हणून राफ्टिंगची वेळ सकाळची. उशिरा पोहोचणाऱ्याला नदी थांबून मिळत नाही.

साधारण बारा किलोमीटरचा तो प्रवास नवख्यालाही झेपतो. राफ्ट पहिल्या लाटेवर उचलली जाते, गाइड ओरडून सांगतो, सगळ्यांची वल्ही एकदम पाण्यात पडतात, आणि आठ अनोळखी माणसे काही क्षणांत एकजीव होतात. मला हा खेळ मनापासून आवडतो. पण त्या पाण्याखाली एक गोष्ट आहे आणि ती माहीत असल्याशिवाय तिथे जाऊ नये असे मला वाटते. मुळशीच्या धरणात मावळातली गावे आणि भातखाचरे बुडाली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि धरण तरीही झाले. ज्या पाण्यावर आपला रविवार आनंदात जातो ते पाणी त्या जमिनींवरून आले आहे. ताम्हिणीच्या रस्त्याने मुळशीच्या काठाने जाताना गाडीतल्या मुलांना हे सांगावे. त्यांना ते कळते, आणि लक्षातही राहते.

पॅराग्लायडिंगबद्दल थोडक्यात. कामशेतला ऑक्टोबर ते मेपर्यंत उडता येते. पावसाळ्यात हा खेळ बंद. शिकणाऱ्याचे पहिले तास जमिनीवरच जातात, वाऱ्यात पंख उभा करून तो डोक्यावर स्थिर ठेवण्यात. नवख्यांना सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर उडवतात, कारण भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे भोवरे उठतात आणि पंख कधीही डचमळतो. प्रशिक्षकाने ‘आज नाही’ म्हटले तर घरी परतणे हा या खेळातला पहिला धडा आहे. दोन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला तो फार जड जातो.

या सगळ्याची तयारी आठवड्यात होते. शनिवारी जे घडते ते मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ठरलेले असते. मुंबईत १९५४ पासून काम करणाऱ्या गिरिविहारसारख्या संस्थांनी कान्हेरीच्या आणि मुंब्र्याच्या कातळांवर कित्येकांना दोर धरायला शिकवले. याच संस्थेच्या पुढाकाराने २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी नवी मुंबईत झाली, आणि जगातले उत्तम आरोहक आपल्या उकाड्यात भिंत चढताना इथल्या मुलांनी पाहिले. आता शहरांत कृत्रिम भिंती आहेत. ऑफिस सुटल्यावर तासभर तिथे घालवणारा माणूस महिन्याभरात बोटांचा जोर, पायांचा विश्वास आणि गाठींची सवय मिळवतो. ज्यांना भिंत जवळ नाही त्यांनी जिने उतरावेत. खरेच, चढण्याबरोबर उतरावेतही, पाठीवर थोडे वजन घेऊन, सावकाश. गाडीच्या बाबतीत आठवड्यातले एक काम ठरवून घ्यावे: चेनचा ताण, टायरची हवा, ब्रेकची पकड, स्टेपनी, क्लच केबल. पंक्चर काढायला शुक्रवारी रात्री शिकायचे असते, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला रविवारी अंधारात नाही.

गर्दीबद्दल मला काळजी आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसे तासन्‌तास अडकलेली मी पाहिली आहेत. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ अचानक वाढलेल्या पाण्याने एक कुटुंबच वाहून नेले. अशा वेळी धावून जाणारी माणसे बहुधा आपल्यासारखीच शनिवार-रविवारची असतात. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र हे त्याचे ठळक उदाहरण. आपापली कामे सांभाळून ही मंडळी रात्री-अपरात्री दरीत उतरतात, जखमींना आणि मृतांना वर आणतात. एका जखमीला स्ट्रेचरवरून घसाऱ्यातून आणायला आळीपाळीने खांदा देणारी कितीतरी माणसे लागतात आणि तासांमागून तास जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे चित्र डोळ्यासमोर आणून पाहावे.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि असे कार्यक्रम घेणाऱ्यांना नोंदणी सांगितली. पैसे भरण्याआधी नोंदणी विचारणे, दोर किती जुना आहे हे विचारणे, उतरताना सर्वांत मागे कोण असणार हे विचारणे हा आपला हक्क आहे. शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. ज्या आयोजकाकडे त्याचे उत्तर तयार नाही त्याच्याबरोबर मी माझ्या घरचे कुणी पाठवणार नाही.

आणि गाव. गडाखालच्या गावांनी या छंदाला आसरा दिला आहे. त्यांच्या अंगणात आपण गाड्या लावतो, त्यांच्या विहिरीचे पाणी पितो, त्यांच्या चुलीवरचे पिठले-भाकरी खातो, आणि वाट चुकलो की त्यांनाच हाका मारतो. वाटाड्या घ्यावा, त्याला ठरलेले पैसे न घासाघीस करता द्यावेत. आग्या मोहोळ कुठल्या कड्यावर बसले आहे हे त्याला माहीत असते. आपल्याला आपल्या अत्तराचा वास आणि शेकोटीचा धूर त्या माश्यांना उठवतो हेही माहीत नसते. गडांचे मोल गावाला कुणी सांगावे लागत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यांत राजगड, रायगड, लोहगड, साल्हेर आहेत. तिथे आता अधिक माणसे येतील. त्यांतली बरीचशी गाडीने आणि रविवारी येतील.

प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम उलटा लावला आहे. पहिले प्रकरण परतीचे आहे, त्यानंतर उतरण्याच्या तंत्राचे, आणि चढाई तिसऱ्या प्रकरणात येते. वाचकाने तोच क्रम पाळावा. पहिल्या सहलीसाठी मी ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा एखादा शनिवार सुचवेन, जवळचा आणि सोपा गड, आणि ज्याला घाट माहीत आहे असा एक सोबती. घरी निघतानाच कागदावर वेळ लिहावी: दुपारी एक वाजता कुठेही असलो, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी, मागे फिरायचे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पूर्वेकडच्या उतारावर त्याआधीच सावली येते, म्हणून ही वेळ. त्या कागदाची एक प्रत घरच्यांकडे ठेवावी, गाडीचा नंबर, पायथ्याच्या गावाचे नाव आणि सोबत्याचा फोन त्यावर लिहून.